दामूअण्णांचा अरबी समुद्र

दामूअण्णा टांग्यात बसले की एका हाताने टांग्याची दांडी धरीत आणि दुसऱ्या हाताने टांगेवाल्याचा दंड. टांगेवाला म्हणे, "मास्तर, मला सोडा की. लगाम धरायचाय." दामूअण्णा डोळे मिटून सांगत, "आधी धरा, मग बोला."

हे त्यांचे कायमचे वाक्य. शाळेच्या पायऱ्या चढणारी मुले, विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बायका, सगळ्यांना ते हेच सांगत. न्हाव्यालाही सांगत. तो म्हणे, "वस्तरा धरलाय की, मास्तर!" त्यावर उत्तर, "तो खाली ठेव. आधी मला धर."

सोलापुरात आमच्या भिंतीला भिंत लागून ते एकटेच राहत. बायको फार पूर्वी गेली होती, मूल नव्हते. शाळेत भूगोल शिकवीत. तीस वर्षे त्यांनी मुलांकडून महासागर घोकून घेतले होते, पण स्वतः बार्शीच्या पलीकडे गेले नव्हते. सिद्धेश्वराच्या देवळात जाताना दोन्ही बाजूंना तळे लागते. तेवढी वाट दामूअण्णा कळसाकडे डोळे लावून चालत, आणि पुढे जो कोणी असेल त्याचे उपरणे धरून ठेवीत.

अशा माणसाला मी एका सकाळी सांगितले की मला मोंबासाला एका पेढीत कारकुनी मिळाली आहे, आणि शांताला व दीड वर्षाच्या मनूला घेऊन मी आगबोटीने आफ्रिकेला चाललो आहे. ते आमच्या दाराची चौकट धरून उभे होते.

"मनूला कशाला?"

"मग तिला ठेवू कुठं, अण्णा?"

"माझ्याकडे," ते पटकन म्हणाले. मग स्वतःच दचकले. "नको, नको. माझ्याकडे जिना आहे."

खरे सांगायचे तर भीती मलाही होती. मी पुस्तकात डोके घालून वाढलेला माणूस. बोटीवर कोणी दगावले तर देह तिथेच पाण्यात सोडतात, हे मी कुठेतरी वाचले होते आणि शांताला सांगितले नव्हते. दिवसातून चारदा मी मनूच्या कपाळाला हात लावून बघे. त्यामुळे दामूअण्णांना हसत हसत मी त्यांचे सगळे ऐकत गेलो.

त्यांनी आमची तालीम सुरू केली. अंगणात बाजले टाकले, मनूला मांडीवर घेऊन स्वतः त्यावर बसले आणि मी, शांता आणि गल्लीतली दोन मुले अशा आम्हा चौघांना चार खूर धरून ते हलवायला लावले. "हे वादळ. घाबरायचं नाही." मनू टाळ्या पिटून "आनकी, आनकी" करू लागली. पाचव्या हेलकाव्याला दामूअण्णा उतरले, न्हाणीकडे धावले, आणि सकाळचा चहा तिथे ठेवून आले. परत आल्यावर तोंड पुसत म्हणाले, "मुलीला बोट लागत नाही. मोठ्यांनी लिंबं न्यावीत."

मग ते पट्टा विणून घ्यायला गल्लीच्या तोंडाशी माग असलेल्या नरसय्याकडे गेले. मनूच्या कमरेला बांधायचा, दुसरे टोक आईबापांच्या मनगटाला. सुती, चार पदरी, चादरीच्या काठासारखा घट्ट. लांबी पन्नास हात.

नरसय्या घरी तेलुगू बोलणारा, आमच्याशी मराठी. तो माग थांबवून म्हणाला, "पन्नास? पोरगीला बांधायचं का हत्तीला?"

"समुद्र किती खोल असतो ठाऊक आहे का तुला?"

"मंग तिला बांधून आत सोडनार हाय व्हय, मास्तर?"

दामूअण्णांचा चेहरा असा उतरला की नरसय्याच ओशाळला. त्याने चार हातांचा पट्टा विणला आणि दोन्ही टोकांना, न सांगता, लाल सुताचे काठ दिले.

मुंबईपर्यंत पोहोचवायला अण्णा येतील असे कोणालाच वाटले नव्हते. पण आले. धक्क्यावर ते पाण्याकडे पाठ करून उभे राहिले. मनू माझ्या कडेवर होती, पट्ट्याचे टोक त्यांच्या मुठीत. शिडीजवळ गर्दी झाली, मागचे लोक ओरडू लागले. "अण्णा, सोडा आता," मी म्हणालो. त्यांनी टोक माझ्या मनगटाला स्वतः बांधले, तीन गाठी मारल्या, आणि पहिल्यांदाच मान वळवून समुद्राकडे पाहिले.

"मातकट आहे," ते म्हणाले. "तीस वर्षं मी निळा सांगत आलो."

मग माझा दंड धरला. "पोचलात की तार करा. एकच शब्द. पोचलो. एवढं करा."

मी मान डोलावली.

सहाव्या दिवशी समुद्र खवळला. शांता आडवी पडून होती. मी मनूला घेऊन डेकवर दोरांच्या वेटोळ्यापाशी बसलो होतो. बोट एका अंगाला कलली, मनू माझ्या मांडीवरून घसरली आणि ओल्या फळ्यांवरून थेट कठड्याकडे गेली. कठड्याच्या खालच्या दांडीखालून तिच्यासारखी दोन मुले सहज गेली असती. पट्टा ताणला गेला. माझे मनगट सोलून निघाले. ती वीतभर अलीकडे थांबली, मागे वळून माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "आनकी."

त्यानंतर उरलेले दिवस मी तिला मांडीवरून खाली ठेवले नाही. मोंबासाला उतरल्यावर माझे पाय जमिनीवरही हलत होते.

तार ऑफिस धक्क्याच्या जवळच होते. मी खिडकीपर्यंत गेलो, कागद हातात घेतला. आणि मला आमची गल्ली आठवली. आमच्याकडे तार म्हणजे मरणाची बातमी, दुसरे काही नाही. नरसय्याला नातू झाल्याची तार आली होती, ती कोणी वाचण्याआधीच बायकांनी हंबरडा फोडला आणि चुलीत पाणी ओतले. त्या दिवशी दामूअण्णा तारवाल्याला बघून आमच्या ओट्याच्या खांबाला मिठी मारून बसले होते आणि बाळाचे पेढे आले तरी उठले नव्हते. आता त्यांच्या दाराशी परदेशाहून तार? उघडायच्या आधीच ते जातील, असे मला वाटले. मी कागद परत ठेवला आणि खोलीवर जाऊन सविस्तर पत्र लिहिले. कठड्याचे तेवढे लिहिले नाही. पत्र घेऊन जाणारी आगबोट त्यानंतर पंधरा दिवसांनी सुटली.

दामूअण्णांचे उलट कार्ड आले. "पत्र पावले. चि. मनूस अनेक आशीर्वाद. पट्टा धुऊन, सावलीत वाळवून ठेवावा. परतताना लागेल." तारेबद्दल एक अक्षर नव्हते. मी समजलो, माझे चुकले नाही.

दुसऱ्या वर्षी ते गेल्याचे शेजाऱ्यांच्या पत्रातून कळले. तीन दिवसांचा ताप, एवढेच.

चौथ्या वर्षी आम्ही रजेवर सोलापूरला आलो. त्यांच्या घरात दुसरे बिऱ्हाड होते. मनूला घेऊन मी त्यांच्या शाळेत गेलो. जुना शिपाई भीमा भेटला. त्याने मनूकडे बराच वेळ पाहिले.

"हीच व्हय ती? लई वाट बगितली हिची." तो पायरीवर बसला. "तुमी गेल्यावर मास्तर रोज मधल्या सुट्टीत तार हापिसात जायचे. तितला बाबू म्हनायचा, मास्तर, आली की आमी घरी आनून देऊ की. तर ह्ये म्हनायचे, वाटंत पडली तर?"

"तार बघून ते घाबरतील म्हणून मी..." मी म्हणालो.

"घाबरल्यालंच हुतं की, साहेब. जेवन बंद. म्हैना सवा म्हैना." भीमाने मला वर्गात नेले. भिंतीवर कापडावर चिकटवलेला जुना नकाशा होता. "हितं उभं ऱ्हायचे. धडा कुठला बी असू दे, आदी मुंबईवर बोट ठिवायचे आन समुद्रातनं सरकवत न्यायचे. पर किनाऱ्याला लावायचे न्हाईत. बोटभर अलीकडं थांबायचे. तार न्हाय, म्हंजे पोरगी अजून वाटंत हाय, म्हनायचे."

"आणि पत्र आलं तेव्हा?"

"तवा लावलं किनाऱ्याला. पोरास्नी सुट्टी दिली. दुसऱ्या दिशी बगतो तर तिकडनं हिकडं यायला सुरुवात! म्हटलं, मास्तर, आता काय? तर म्हनले, परत यायची हाय की ती. शेवटपतुर ह्येच चाललं."

मी जवळ गेलो. मुंबईपासून मोंबासापर्यंत निळा रंग उरला नव्हता. कागदही झिजून गेला होता. खालचे कापड तेवढे दिसत होते, मळकट, जमिनीच्या रंगाचे.

"नवं मास्तर दुसरा नकाशा मागत्यात," भीमा म्हणाला. "पोरं ऐकत न्हाईत. म्हनत्यात, हितनं आफ्रिकेला चालत जाता येतं."

मनूने माझा हात सोडला, टाचा उंचावल्या आणि त्या कापडावर बोट ठेवले.