सगळे एल्फ सारखे

हे कुणाला सांगायचं नाही, असं मला दादाने बजावलं होतं. पण बाळांनो, तुम्ही काही चहाडखोर दिसत नाही. जरा जवळ सरका.

तर एका जंगलात रोज दुपारी एक खेळ रंगायचा. अस्वलमामा व्हायचे ड्रॅगन आणि मधाच्या पोळ्यावर पहारा करायचे. बाकीचे व्हायचे एल्फ. एल्फ म्हणजे टोकदार कानांचे, सडपातळ, उगाच शहाण्यासारखे बोलणारे लोक. ड्रॅगनने पकडला, की एल्फ बाद.

एल्फ तीन तऱ्हांचे. कान सगळ्यांचे सारखे, कला मात्र एकेकच. नदीच्या एल्फला वाऱ्यासारखं पळता येई. ती व्हायची बेडकी. चांदण्याच्या एल्फकडे धनुष्य. तो व्हायचा ससा, कारण कान घरचेच होते. आणि रानाच्या एल्फला पानांत दिसेनासं होता येई. ती झुबकी खार.

एरवी झुबकी कुणाला दिसतच नसे. ससा रोज तिच्या शेपटीवर पाय देई आणि वर विचारी, “कोण आहे रे?” खेळात मात्र बेडकी ड्रॅगनला पळवायची, ससा बाण मारून अडवायचा आणि झुबकी गुपचूप पोळं लांबवायची. मग सगळे ओरडत, “दिसली कशी नाही? वा गं झुबके!” त्या एका ‘वा गं’साठी ती सकाळपासून शेपूट विंचरून बसे.

एके दिवशी ससा फुरंगटला. “हिलाच का दिसेनासं होता येतं? माझे कान काय उसने आणलेत?”

“आणि मीच का पळायचं?” बेडकी म्हणाली. “माझी जीभ बाहेर येते.”

“ती नेहमीच बाहेर असते,” ससा म्हणाला.

अस्वलमामांनी मोठा उसासा सोडला. “अरेरे, घोर अन्याय! एल्फ एल्फ सगळे सारखे. सगळ्या कला सगळ्यांना द्या.”

“ड्रॅगनचं मन किती मोठं!” बेडकी गहिवरली.

“पण मामा, मग माझं...” झुबकी पुटपुटली.

“बाळ, तुला धनुष्य मिळतंय ना!”

धनुष्य तिच्याहून मोठं होतं.

खेळ सुरू झाला. आता लपता येत असताना पळायचं कुणी? सगळे झटकन पानांत शिरले.

“बेडके, पळ ना,” ससा कुजबुजला.

“तूच पळ. आता तुलाही येतं.”

“छे छे, पहिला मान तुझा.”

अस्वलमामा पोळ्यापाशी मांडी घालून बसले. “कुणी आहे का रे?” त्यांनी प्रेमाने विचारलं.

कुणी हूं की चूं केलं नाही. इतकं सुंदर लपणं त्या जंगलाने कधी पाहिलं नव्हतं. मामांनी पोळं चाटूनपुसून खाल्लं आणि बोटंही चोखली.

मग सगळे बाहेर आले.

“तुला मिळालं?” सशाने विचारलं.

“थेंबसुद्धा नाही! तुला?”

“मलाही नाही! आणि खारीला?”

“तिलाही नाही!”

“म्हणजे जमलं! अगदी सारखं!” ससा आनंदाने नाचू लागला. बेडकीने कोलांट्या मारल्या. झुबकीनेही टाळ्या वाजवल्या.

मग तिला शेपटीत कळ आली. ससा तिच्याच शेपटीवर नाचत होता.

“कोण आहे रे?” त्याने विचारलं.

तात्पर्य: शेजाऱ्याला मध मिळाला नाही, की आपलं पोट आपोआप भरतं. म्हणून बाळांनो, न्याय नेहमी पोळ्याच्या राखणदाराकडेच मागावा. तो मनाचा उदार असतो. फक्त बोलताना तो ओठ का चाटतोय, एवढं मात्र... आले रे दादा, आले! नाही, अस्वल कोण ते मी कुणाला सांगितलं नाही, मी तर यांना फक्त...