तांडेल सरांचे दोन रकाने

शाळा उघडल्याच्या पहिल्याच दिवशी तांडेल सरांनी सहावी 'क'च्या अठ्ठेचाळीस पोरांना पुस्तकं दप्तरात ठेवायला लावली आणि प्रत्येकाच्या हातात तिसऱ्या नावाच्या मासळीचा एकेक रिकामा शिंपला दिला. शिंपले खाडीकाठच्या करावे नावाच्या गावातल्या त्यांच्या घरचे, मे महिनाभर खाऊन साठवलेले. धुतले होते म्हणे. पण वास काय धुऊन जातो?

"डोळे मिटा," सर म्हणाले. "बोटांनी बघा. आपला शिंपला ओळखून ठेवा." पाच मिनिटांनी सगळे शिंपले एका घमेल्यात टाकून ढवळले आणि म्हणाले, "आता आपापला शोधा." यात दोन तास गेले. पूर्ण दोन तास! तेवढ्या वेळात मी शेजारच्या 'अ' तुकडीत प्रयोगशाळेचे नियम सांगून, वह्यांना कव्हरं घालून घेऊन पहिल्या धड्याची दीड पानं उरकली होती.

मी गायकवाड. राहायला कामोठ्याला. यंदाच या शाळेत विज्ञान विभागाची प्रमुख म्हणून आले. मला याद्या आवडतात, आखलेला तक्ता आवडतो, आणि माझ्या कपाटाला बाहेरून लेबल आहे तसंच आतूनही आहे. अशा बाईच्या नशिबी तांडेल सर यावेत, ही नियतीची थट्टाच म्हणायची.

संध्याकाळी एका आईचा फोन आला. "टीचर, दप्तर उघडलं तर मासळी बाजाराचा वास! आमी व्हेज आहोत हो. आजी जेवल्या नाहीत टेन्शनमध्ये." दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठलं.

"सर, पालक चिडलेत."

"बघितलंत, की वाटलं?"

"अहो, फोनवर ओरडत होत्या त्या!"

"ओरडत होत्या, हे निरीक्षण. चिडल्या, हे अनुमान. रस्त्यात गाड्यांचा आवाज असेल तर माणूस ओरडूनच बोलतो, मॅडम."

सरांचं सगळं विज्ञान या दोन शब्दांवर उभं होतं. पोरांच्या वहीत पहिल्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने. डावीकडे निरीक्षण, उजवीकडे अनुमान. डावीकडे काय बघितलं, ऐकलं, हाताला लागलं ते. उजवीकडे त्यावरून काय वाटलं ते. "डावा रकाना भरल्याशिवाय उजव्याला हात लावायचा नाही," हा दंडक. पोरांपुरता असता तर चालला असता, पण स्टाफरूममध्येही तेच. कुणी म्हणालं, "चहा गार झालाय वाटतं," की कोपऱ्यातून आवाज यायचा, "प्यायलात, की वाटलं?" हिंदीच्या बाई एकदा सहज म्हणाल्या, "सर, आज तुम्ही खुशीत दिसताय." यांनी पाच मिनिटं त्यांची उलटतपासणी घेतली. बाईंनी नंतर आठवडाभर कुणालाच 'खुशीत दिसताय' म्हटलं नाही.

वाईट म्हणजे हा रोग लागतो. घरी नवरा म्हणाला, "आज आमटीत मीठ कमी असावं." माझ्या तोंडून निघून गेलं, "चाखलीस, की वाटलं?" तो ताटावरून माझ्याकडे बघतच राहिला.

सरांच्या बाकीच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरायचा नाही. वर्गात बोलायचं असेल तर आधी नाव सांगायचं. "आर्या पाटील बोलतेय, सर." पोलिसांच्या वायरलेसवर बोलतात तसं. फळ्यावर सर स्वतः एक अक्षर लिहायचे नाहीत, पोरांना उठवून लिहायला लावायचे. गृहपाठ बघायचे नाहीत, मोठ्यानं वाचून घ्यायचे. लिटमस बुडवला की विचारायचे, "काय रंग आला? एकेकानं सांगा." अठ्ठेचाळीस जणांनी 'लाल' म्हणेपर्यंत तास संपायचा! स्टाफच्या ग्रुपवर मी टाकलेल्या एकाही सूचनेला त्यांचं उत्तर नाही, साधा अंगठासुद्धा नाही.

आणि सगळ्यात डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे माझ्याशी बोलताना हा माणूस माझ्याकडे बघायचा नाही. कायम माझ्या डाव्या खांद्याकडे, मान जराशी तिरकी करून. मी पदर सारखा केला, नंतर नंतर तर बाजूला सरकून बघितलं. नजर पुन्हा खांद्यावरच. वयानं बारा-तेरा वर्षांनी लहान बाई विभागप्रमुख म्हणून डोक्यावर येऊन बसली, ते पचत नसणार, असा मी निष्कर्ष काढला. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, माणूस सुस्तावलाय आणि वर उर्मट आहे. माझा उजवा रकाना पहिल्याच आठवड्यात काठोकाठ भरला होता.

मग वहीतपासणी आली. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या मॅडम, बोलल्या की करतात. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "तांडेल सरांबद्दल तक्रारी आल्यात. या शुक्रवारपर्यंत 'क'च्या सगळ्या वह्या तपासलेल्या हव्यात. नसतील तर सहावी त्यांच्याकडून काढून घेईन, त्यांनी ग्रंथालय सांभाळावं. रिपोर्ट तुम्ही द्यायचा."

मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. खरं सांगायचं तर थोडं चवीनं सांगितलं. मला वाटलं, आता विचारतील, बघितलंत की वाटलं. पण तसं काही झालं नाही.

"सहावी काढनार?" इतका वेळ जपलेलं शाळेतलं मराठी सुटलं आणि करावे गाव बाहेर आलं. "पुढचे वर्ग घ्या काढून. सहावी राहू द्या, मॅडम. सहावीची पोरं अजून विचारतात. पुढं नाय विचारत."

"मग वह्या तपासा," मी म्हटलं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी 'क'च्या वह्यांचा गठ्ठा मोजला. अठ्ठेचाळीसपैकी सात वह्यांवर सही होती. मी तिथेच रिपोर्ट लिहिला, घडी घातली, आणि शाळा सुटल्यावर तो सरांना दाखवावा म्हणून प्रयोगशाळेत गेले. पाठीमागून काही करायचं नाही, हा माझा नियम आहे.

पायात पावसाळी रबरी चपला होत्या, त्यामुळे आवाज झाला नाही. सर खिडकीजवळच्या टेबलाशी वाकून बसले होते. किडे-पाकळ्या बघायला आपण ते लहान भिंग लावलेलं स्टँड वापरतो ना, त्याच्याखाली त्यांनी एका पोराची वही धरली होती. नाक जवळजवळ भिंगाला टेकलेलं. वही इकडून तिकडे एकेक अक्षर सरकत होती. ओठ हलत होते. मी पुढे जाऊन टेबलासमोर उभी राहिले, दोन हातांवर.

त्यांनी मान वर केली. सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि म्हणाले, "कोण आहे? आधी नाव सांगायचं."

माझ्या हातातला कागद हातातच राहिला.

"गायकवाड बोलतेय, सर," मी म्हणाले.

त्यांनी मान तिरकी केली आणि नजर माझ्या डाव्या खांद्यावर नेली. "हां. आता दिसलात थोड्या."

दीड वर्ष झालं म्हणाले. डोळ्यांच्या पडद्याचा आजार, दोन्हीकडे. मधलं जातं, कडेचं राहतं. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. "तुमच्या चेहऱ्याकडे बघितलं तर चेहरा जातो. खांद्याकडे बघितलं तर चेहरा कडेला येतो, मग जरा कळतो." वाशीला डॉक्टरांकडे दर महिन्याला जाऊन डोळ्यात सुई घेतात. आहे तेवढं टिकलं तरी खूप. एका वहीला पाऊण तास लागतो. घरी सांगितलंय, शाळेत नाही. शाळेत सांगितलं तर सहावी जाईल, ही भीती.

म्हणजे हा माणूस महिनाभर माझ्याकडेच बघत होता, आणि मी पदर सारखा करत होते. मला स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात दारात पावलं वाजली. कुणी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "आर्या, बाटली खिडकीत राहिलीय बघ." आर्या पाटील बाटली घेऊन पळाली. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पोरं या माणसानं चालीवरून आणि आवाजावरून पाठ केली होती. माझ्या 'अ' तुकडीतली निम्मी नावं मला अजून हजेरीपट बघून घ्यावी लागतात.

मी रिपोर्ट फाडला आणि खुर्ची ओढली. "सोमवारी आपण दोघं मोठ्या मॅडमकडे जायचं. तुम्ही सांगायचं, मी भांडायचं. वह्या मी वाचून दाखवेन, शेरे तुम्ही सांगा. एवढ्यावरून सहावी कशी काढतात तेच बघते." भांडणात माझा हात कुणी धरत नाही, हे या शाळेला अजून कळायचं होतं.

"मोठ्या मॅडम ऐकतील?"

"ते अनुमान झालं, सर."

ते हसले. मग मी लाल पेन घेतलं आणि गठ्ठ्यातली वरची वही उघडली. गृहपाठ होता, एका माणसाकडे दहा मिनिटं नीट बघा आणि दोन्ही रकाने भरा. कुणी आजी निवडली होती, कुणी वॉचमन, कुणी इस्त्रीवाले काका. मी वाचत गेले, सर शेरे सांगत गेले. पाचव्या वहीच्या वर लिहिलं होतं, 'माझे निरीक्षण : तांडेल सर'. मी अडखळले.

"वाचा," सर म्हणाले.

"निरीक्षण. सर बोलताना आमच्या तोंडाकडे बघत नाहीत. आम्ही बोलताना सर हलत नाहीत. सर कुणाचंही बोलणं मध्येच तोडत नाहीत."

सर खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"आणि अनुमान?"

उजव्या रकान्यात एकच ओळ होती. "सर आम्हाला कानांनी बघतात."

सरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. त्याचा काही उपयोग नव्हता, ते त्यांनाही माहीत होतं.

"डावा रकाना आधी भरलाय?" त्यांनी विचारलं.

"भरलाय."

"मग बरोबर आहे. खूण करा."

मी खूण केली. जरा मोठीच, अख्ख्या पानभर केली, आणि ती त्यांना कडेनं दिसेल अशी वही धरली.