पास झालं ते फक्त वय

अप्पाराव साळव्यांनी मोपेड घेतली आणि त्याच संध्याकाळी पारावर कायदा सांगून टाकला.

"अठराच्या आत गाडीला हात न्हाई! गाडीला अक्कल लागते, अन् ती वयानं येते. जन्मभर बैलं हाकून राह्यलो मी."

हा टोला सोळा वर्षांच्या लेकीला, सत्यशीलेला होता. ती भोकरदनच्या शाळेत पायी जायची आणि मोपेडवर तिचा डोळा होता. आधी मी लायसन आणतो, मंग तिनं माझं ऐकायचं, असं अप्पारावांनी सगळ्यांसमोर ठणकावलं. आता नापास होण्याची सोय उरली नव्हती.

माणूस कायद्याचा पक्का. लायसनाशिवाय रस्त्यावर चालवायची नाही म्हणून मोपेड बैलगाडीत घालून भोकरदनला नेली! बघून शिक म्हणून लेकीलाही सोबत घेतलं. सराव म्हणाल तर भरपूर झाला होता, पण अंगणात, इंजिन बंद ठेवून.

परीक्षेच्या मैदानात आरटीओच्या साहेबांनी चुन्याची रेघ दाखवली. तिथं थांबायचं, एवढीच परीक्षा. अप्पाराव ऐटीत निघाले. रेघ जवळ आली तसे ते मागं रेलले, दोन्ही मुठी कासऱ्यासारख्या छातीकडं ओढल्या आणि मायेनं म्हणाले, "हो, हो राजा!"

मूठ पिळली गेली आणि राजा उधळला.

"आप्पा, मूठ सोडा!" सत्यशीला ओरडली.

बुजलेल्या बैलाचा कासरा सोडायचा? पोरीला काय कळतं! त्यांनी मुठी आणखी आवळल्या. रेघ गेली, साहेब बाजूला उडाले आणि मोपेड थेट त्यांच्याच बैलांपुढच्या कडब्यात घुसली. बैल चघळायचे थांबून धन्याकडं बघत राहिले.

"कागदावर वय बराबर हाय तुमचं," साहेब कपडे झटकत म्हणाले. "आता थांबायचं शिकून या."

मोपेड पुन्हा बैलगाडीत घालून दोघं परतीच्या वाटेला लागले. मग सत्यशीला हळूच म्हणाली, "आप्पा, मला अजून दोन वर्षं हायेत. तवर तुमीबी शिकून घ्या."

गावात शिरताना पार गच्च भरलेला होता. गुपचूप पुढं निसटावं म्हणून अप्पारावांनी मान खाली घातली, आणि लाजेनं त्यांच्या मुठी आपोआप आवळल्या गेल्या.

कासरा ताणला. शहाणे बैल बरोबर पारासमोर उभे राहिले, मागं कडबा अडकलेली मोपेड घेऊन.

"काय अप्पाराव, झाले का पास?"

अप्पाराव खाकरले. "वयात झालो," म्हणाले.