चित्रातला आंबा

लष्कराच्या जुन्या बराकीत थाटलेल्या उल्हासनगरच्या त्या कॉलेज-वसतिगृहात श्यामकांतने आपली सहा निसर्गचित्रं जेवणघरात टांगली, तेव्हा त्याला काळजी होती ती फक्त आमटीच्या शिंतोड्यांची. वडिलांनी बजावलं होतं, “प्रदर्शन सुरळीत पार पडलं, तर बी.एस्सी. सोड आणि खुशाल चित्रं काढ. नाही तर पुन्हा ब्रशाचं नाव काढायचं नाही!” रविवारी उद्घाटनाला मामलेदारसाहेब येणार होते. शुक्रवारी सकाळी दूध घेऊन कुळगावचा बुधाजी आला.

दुधाची चरवी खाली ठेवून तो एका चित्रासमोर थबकला. भाताची खाचरं, मधोमध बांध, बांधाच्या उजवीकडे आंबा.

“ह्यो माजा आंबा,” बुधाजी म्हणाला. “भीमाचे शेतात कसा गेला?”

“चित्राचा तोल साधेना, म्हणून जरा सरकवला.”

“सरकवला? तीन वर्सं त्याच झाडाचा तंटा चाललाय मामलेदाराकडं! आयतवारी सायेब हे बघंल नि निकाल देऊन मोकला व्हईल. झाड परत आना, नाय तर दूध बंद!”

रेक्टर चिंतामणी सर दिवसातून आठ वेळा चहा घेत. ते किंचाळलेच, “श्यामकांत, हलव ते झाड!”

दुपारपर्यंत आंबा डावीकडे आला. मग भाजीची पाटी घेऊन बांधापलीकडचा भीमा आला, त्याने चित्र पाहिलं आणि पाटी तशीच उचलून चालू लागला. श्यामकांतने त्याला धावत जाऊन परत आणला आणि आंबा बरोबर बांधावर काढून दिला.

शनिवारी दोघेही हजर झाले. त्यांनी आंबे मोजले.

“त्याचे अंगाला सात, माजे अंगाला चार?” बुधाजी कडाडला.

“संध्याकाळच्या आत मिटव,” सर म्हणाले, “नाही तर सगळी चित्रं खाली!”

बिचारा श्यामकांत रडकुंडीला आला. शेवटी त्याने पांढऱ्या रंगाची अख्खी ट्यूब पिळली आणि शेत, बांध, आंबा, सगळं दाट धुक्यात बुडवून टाकलं.

रविवारी मामलेदारसाहेब नेमके तिथेच रेंगाळले. “वा! काय संयम आहे! हे मी माझ्या कचेरीत लावणार.”

श्यामकांतला आकाश ठेंगणं झालं. एवढ्यात मागून बुधाजी आणि भीमा पुढे घुसले आणि चित्राला पाठ लावून उभे राहिले.

“न्यायचा नाय, सायेब!”

“का रे?”

“धुक्यात कुनी बांध सरकवला तं कलनार कसा?” बुधाजी म्हणाला.

“खरा हाय त्याचा,” भीमाने मान डोलावली.

मामलेदारसाहेब बघतच राहिले. “तीन मोजणीदार पाठवले, पण या दोघांचं कधी एकमत झालं नाही. या मुलाने करून दाखवलं! याला आमच्या मोजणी खात्यातच घेतो.”

पहिल्या रांगेत बसलेल्या वडिलांचे डोळे भरून आले. बी.एस्सी. सोडायची परवानगी त्यांनी तिथल्या तिथे देऊन टाकली.