चार नंबरची डीव्हीडी

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सीलसाहेबांनी कपाटावरचा खोका खाली काढला, टेबलावर ठेवला आणि बायकोकडे कात्री मागितली. कात्री तिच्या हातातच होती. ती तिने टॉवेलखाली सरकवली आणि कालपासून सापडत नसल्याचं सांगून टाकलं.

खोका म्हणजे पाच डीव्हीडींचा संच. अंतराळात रस्ता चुकलेल्या एका यानाची विनोदी कार्टून मालिका. वाट विचारायला लाजणारा कॅप्टन, आपसात न पटणारी तीन डोकी असलेला कारकून आणि वाफेला घाबरणारा आचारी यंत्रमानव. अकरा वर्षांपूर्वी साहेबांनी दुकानाच्या काचेतून तिचा एक भाग अर्धाच पाहिला होता, तोही बिनआवाजाचा, आणि रस्त्यात उभं राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते. लगेच संच घेऊन घरी आले आणि जाहीर केलं, की हा निवृत्तीनंतर निवांत बघायचा, तोवर प्लॅस्टिकला कुणी हात लावायचा नाही. नोकरी हसण्याची नव्हतीच. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात मीटरला शिशाचं सील लावायचं आणि कुणी ते फोडून परत जोडलंय का, हे शोधायचं. केसाएवढा ओरखडा त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून अख्खं कार्यालय त्यांना सीलसाहेब म्हणायचं.

आणि या माणसाच्या घरातलं सील त्याच्या बायकोने बावीस वेळा फोडलं होतं.

ती भेटवस्तूंच्या दुकानात पॅकिंगच्या टेबलावर काम करायची. खोक्यावर पारदर्शक कागद चढवायचा, गरम हवा मारायची, कागद अंगाबरोबर बसतो. तिच्या हातचा खोका कारखान्यातून आल्यासारखा दिसे. मुलगी शिकायला परगावी गेली आणि बुधवारी, सुट्टीच्या दिवशी, घर तिला खायला उठू लागलं. अशाच एका बुधवारी तिने खोका उघडला. एकच भाग बघू म्हणता म्हणता पाचही डीव्हीडी बघून झाल्या. खोका पिशवीतून दुकानात गेला आणि नवा होऊन परत आला. मग दर सहा महिन्यांनी तेच.

इथवर सगळं ठीक होतं. पण तीन वर्षांपूर्वी चार नंबरची डीव्हीडी सोफ्यावर राहिली आणि बायको बेसावधपणे तिच्यावर बसली. तुकडे कचऱ्यात गेले. रिकाम्या जागी तिने गुडघ्यांच्या व्यायामाची डीव्हीडी ठेवली, साहेबांच्या गुडघ्याच्या पट्ट्याबरोबर फुकट आलेली. त्यानंतरही ती मालिका बघायची, पण तीन नंबरवरून थेट पाचवर जायची. चारचं झाकण उघडायचा तिला धीर होत नसे.

म्हणूनच तिने कात्री लपवली होती. चोरी कळेल याची भीती होतीच, पण अकरा वर्षं जपलेल्या आनंदाच्या मधोमध त्यांना गुडघे वाकवणारा माणूस दिसणार, याचं तिला खरं वाईट वाटत होतं. सीलबंद संचाला किंमत जास्त येते, असं ती म्हणाली. विकायचाय कुणाला, असं ते म्हणाले. तिने रिमोटचे सेल काढून लपवले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाचे काढून घातले. मग ते भिंग घेऊन बसले आणि खोक्याच्या सहाही बाजू तपासल्या.

"अस्सल कंपनीचं सील आहे," ते म्हणाले.

तिचा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ, या माणसाने कार्यालयात इतकी वर्षं नक्की काय तपासलं, अशीही शंका तिच्या मनात येऊन गेली.

त्यांनी नखाने प्लॅस्टिक फाडलं आणि रोज एक डीव्हीडी, असं ठरलं. तिने दुकानातल्या मैत्रिणीला फोन करून चार नंबर कुठे मिळेल का, असं रडकुंडीला येऊन विचारलं. मैत्रीण नेहमी राईचा पर्वत करणारी, पण आज भलतीच शांत होती. "बघू दे की त्यांना," एवढंच म्हणाली. तीन दिवस बायको साहेबांशेजारी जीव मुठीत धरून बसली. विनोद येण्याआधी आपल्याला हसू फुटू नये, याच विवंचनेत तिचं अर्धं लक्ष असायचं.

चौथ्या दिवशी तिने कबूल करायचं ठरवलं. पण शब्दांची जुळवाजुळव होईपर्यंत साहेबांनी डीव्हीडी आत सरकवलीसुद्धा. तिने डोळे मिटून घेतले. कानावर मात्र मालिकेचं संगीत आलं. डोळे उघडले तर पडद्यावर आचारी यंत्रमानव स्वयंपाकघराच्या दाराकडे चालला होता. दाराआड वाफ होती, हे तिला ठाऊक होतं. तिने हसू ओठांत दाबलं.

आणि दार उघडायच्या आधीच साहेब खो खो हसले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. साहेब घाईघाईने चष्मा पुसू लागले.

"अहो, हसण्यासारखं अजून काही झालेलंच नाही."

"मग तू ओठ का चावतेयस?"

दार उघडलं, वाफ आली, यंत्रमानव पळाला. दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच वर्षी. अंगात कणकण होती म्हणून एका बुधवारी लवकर आलो. जिन्यातच तुझं हसणं ऐकू आलं." त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. "पोर गेल्यापासून तू हसली नव्हतीस. आत आलो असतो तर थांबली असतीस. मग पायरीवर बसलो थोडा वेळ आणि परत कार्यालयात गेलो."

"आणि ही चार नंबर?"

"घरातला कचरा कोण टाकतं? तुकडे दिसले. नुसती चार नंबर मिळेना, म्हणून अख्खा दुसरा संच आणला. तू भावाकडे गेली होतीस तेव्हा तुझ्या मैत्रिणीकडून खोका परत बांधून घेतला." मग ओशाळून म्हणाले, "नवा संच उघडलाच होता. डब्याच्या सुट्टीत मीटरच्या खोलीत बघितला. चारदा."

तिला गहिवरून आलं, आणि रागही आला. गेली तीन वर्षं एकाच विनोदाला दोघं वेगवेगळ्या खोल्यांत हसत राहिली होती. शेजारी बसून हसायचं साधं सुख निवृत्तीपर्यंत राखून ठेवलं होतं, आणि तसं करायची काही गरजही नव्हती. तिने त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

भाग संपला. साहेब उकिडवे बसले, डीव्हीडी काढली आणि कशालाही न धरता सरळ उभे राहिले. ती बघतच राहिली. साहेबांचे गुडघे बरे झाले ते आपण रोज चोळलेल्या तेलाने, असं गेली तीन वर्षं ती अख्ख्या इमारतीला सांगत आली होती. चार घरांत तिने त्या तेलाची बाटलीसुद्धा दिली होती.

"अहो," तिने हळूच विचारलं, "ती व्यायामाची डीव्हीडी कुठे गेली?"

"कार्यालयात. रोज सकाळी लावायचो." त्यांनी पाच नंबर हातात घेतली. "तेलही चांगलंच होतं हं."