सासरेबुवांचे जांभळे ढग

"शाईचं मला सांगू नकोस!" सासरेबुवा खुर्चीतून ताडकन उठले. "अख्खी नोकरी शिक्के मारण्यात गेली माझी. शाई मला ओळखते!"

सूनबाई सुंदर अक्षरं रंगवून देण्याची कामं घरीच करायची. संध्याकाळी दातांचे डॉक्टर येणार होते. दवाखान्यात लावायला त्यांना 'हसत राहा' ही अक्षरं हवी होती आणि अक्षरांमागे शाईचे तरंगते ढग. कागद ओला करायचा, शाईचे थेंब सोडायचे, स्ट्रॉने हलकेच फुंकर मारायची, की झाले ढग!

"नको बाबा, ढग तुम्ही नका करू, खरंच नको. मी फ्रेमवाल्याकडून आले की करते," म्हणत ती बाहेर पडली.

ते 'नको' सासरेबुवांच्या जिव्हारी लागलं. निवृत्त झाल्यापासून घरात त्यांना कुणी काही काम सांगत नव्हतं. मुलगा म्हणायचा, आराम करा. सासूबाई म्हणायच्या, मध्ये मध्ये येऊ नका. आणि सून तर पाण्याचा ग्लाससुद्धा हातात आणून द्यायची! एक तरी काम तिने आपल्यावर विश्वासाने सोपवावं, एवढंच त्यांना वाटायचं. आज दाखवूनच देतो, म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या.

सुनेची महागडी शाई वापरायची नाही, असं त्यांनी मोठ्या मनाने ठरवलं. कपाटात शिक्क्याच्या जांभळ्या शाईची बाटली होती. निरोपाच्या दिवशी ऑफिसच्या शिपायाने ती प्रेमाने त्यांच्या हातात कोंबली होती.

"कागद फाटेल, पण ही पुसली जाणार नाही!" त्यांनी सासूबाईंना ऐकवलं.

पहिला कागद झाला. सासूबाईंनी चष्मा वर-खाली करून तो पाहिला.

"वांगं छान आलंय हो!"

"ढग आहे तो!"

"असेल. मला देठसुद्धा दिसतोय."

सासरेबुवा इरेला पेटले. पाणी वाढवलं, तर शाई टेबलावरून थेट पायावर आली. पाणी कमी केलं, तर थेंब जागचा हलेना. कागदामागून कागद वांगी देत सुटले. ते वाळवायला सोफा भरला, पलंग भरला, खुर्च्याही भरल्या. दमून सासूबाई एका खुर्चीत टेकल्या.

"अगं, ऊठ! ढगावर बसलीस!"

त्या उठल्या, तेव्हा ढग त्यांच्या पांढऱ्या गाऊनवर होता. कागदापेक्षा तिथे तो बराच बरा उमटला होता, पण हे बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती.

"फुंकर कमी पडतेय," सासरेबुवांनी निदान केलं. बाटलीत स्ट्रॉ बुडवून स्ट्रॉमध्येच शाई धरायची आणि छातीतला सगळा दम लावून कागदावर फुंकायची, असं त्यांनी ठरवलं. बेत चांगला होता. पण फुंकण्यापूर्वी माणूस आधी दम भरून घेतो आणि त्यांनी तो स्ट्रॉमधूनच घेतला!

तोंडाला साबण लावला, तर फेस जांभळा झाला. घासलं, तर जांभळा रंग हनुवटीपर्यंत उतरला. तेवढ्यात बेल वाजली. डॉक्टर वेळेआधीच आले होते.

"ओठ जांभळे!" डॉक्टर दारातच ओरडले. "आजोबा, श्वास घेता येतोय ना? आधी त्या खुर्चीत बसा!"

"नको नको, तिथे ढग आहेत!"

डॉक्टर सासूबाईंकडे वळले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "यांना ढग दिसतायत? कधीपासून?"

"सकाळपासून," सासूबाई वैतागून म्हणाल्या. "मला एकही दिसला नाही."

"आ करा बघू."

सासरेबुवांनी आ केला. डॉक्टर दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी अँब्युलन्ससाठी फोन काढला. त्याच वेळी फ्रेम घेऊन सूनबाई आत आली. सोफा, पलंग, गाऊन आणि सासऱ्यांचा चेहरा, तिने सगळं ओळीने पाहिलं.

"डॉक्टर, फोन ठेवा. शाई आहे ती." मग तिने कागदांचा गठ्ठा उचलला. त्यात एकच कोरा कागद उरला होता.

सासरेबुवांनी सरसावलेल्या बाह्या खाली ओढल्या. "चुकलं गं माझं. तुला मदत करायची होती."

डॉक्टरांनी सोफ्यावरची वांगी पाहिली आणि पुन्हा एकदा सासरेबुवांचे दात पाहिले.

"ताई, मागे काहीच नको. कोरा पांढरा कागदच बरा," ते ठामपणे म्हणाले. "दातांचा दवाखाना आहे माझा!"

सूनबाईला हसू आवरेना. तिने तो एकुलता एक कागद टेबलावर ठेवला.

"बाबा, मी आतून शाई घेऊन येते. तोवर याच्याकडे लक्ष ठेवाल? एकही डाग पडता कामा नये."

काम! सुनेने चक्क विश्वासाने सांगितलेलं काम! सासरेबुवांचे डोळे भरून आले. हात मागे बांधून ते टेबलासमोर ताठ उभे राहिले. सासूबाईंना त्यांनी नजरेनेच अडवलं. डॉक्टर कुतूहलाने वाकले, तर त्यांना "लांबून बघा!" असं खडसावलं.

सूनबाई शाईची बाटली आणि ब्रश घेऊन आली. सासरेबुवा दोन्ही हात पसरून तिला आडवे आले.

"खबरदार!" जांभळ्या तोंडाने ते गरजले. "शाई घेऊन कुणीही या कागदाजवळ यायचं नाही. तूसुद्धा नाही!"