कुणालाच नको असलेला महोत्सव

ज्या देशात उन्हाळा येतो न येतो तोच निघून जातो, तिथल्या माणसांवर तो कसा वाया घालवायचा हे एकमताने ठरवण्याची जबाबदारी येऊन पडते. फिनलंडने ही जबाबदारी मोठ्या निष्ठेने पेलली आहे. जून उजाडला की तिथल्या प्रत्येक गावाला आपला एक संगीत महोत्सव हवासा वाटतो. कुठे किल्ल्यात ऑपेरा, कुठे जंगलात चार व्हायोलिनं, कुठे बंदरावर जॅझ, कुठे माळावर काळे कपडे घालून किंचाळणारी मंडळी (दिवसभर किंचाळतात आणि संध्याकाळी मोरीच्या रांगेत शिस्तीत उभी राहतात). माणसं थोडी आणि महोत्सव उदंड, त्यामुळे जायचं कुठे हा प्रश्न दरसाल उभा राहतो.

सावो प्रांतात, तळ्याकाठच्या एका लहानशा गावात, हा प्रश्न सोडवायला चक्क एक मंडळ आहे. सभासद चारच. अध्यक्षा ओर्वोक्कीबाई, या निवृत्त मुख्याध्यापिका. पेंट्टी, गावाचा न्हावी. हिल्का, औषधाच्या दुकानात बसणारी, शांत, नीटनेटकी. आणि तैस्तो, गावच्या एकुलत्या एका बसचा चालक, पन्नाशीला टेकलेला, बिनलग्नाचा.

या तैस्तोला हिल्का आवडायची. कधीपासून, ते तोही विसरला होता. ती रोज त्याच्या बसने यायची, तो 'नमस्कार' म्हणायचा, ती 'नमस्कार' म्हणायची, आणि त्या एवढ्याशा भांडवलावर त्याचा दिवस मजेत जायचा. पण यंदा तिची बदली झाली. पानगळीच्या सुमारास ती दूर उत्तरेला ओउलूला जाणार होती. तैस्तोने हाय खाल्ली. बोलायचं तर आता, नाहीतर राहिलंच! पण सावोतला माणूस असं एकदम बोलत नाही. फक्त नाचाच्या फळीवर त्याला बाईसमोर जाऊन मान लववून तिला नाचायला बोलावता येतं आणि त्याबद्दल कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. म्हणून त्याला पश्चिमेकडच्या मैदानी मुलखातल्या टँगो महोत्सवाला जायचं होतं. त्याने तयारीही केली होती. आगारात उभ्या केलेल्या रिकाम्या बसच्या मधल्या वाटेत तो हिवाळाभर टँगो शिकला. (वाट अरुंद असल्यामुळे त्याला वळणं जमत नव्हती. सरळ पुढे आणि सरळ मागे मात्र तो अप्रतिम जायचा.)

आता साधा माणूस म्हणेल, मग सांगून टाकायचं की टँगोला जाऊ या म्हणून. असं म्हणणाऱ्याला मंडळाची कार्यपद्धती माहीत नाही.

मंडळाची कार्यपद्धती न्यायावर उभी आहे. एखाद्याला एखादा महोत्सव हवा असेल तर बाकीच्यांना त्याच्या मनासाठी जावं लागेल. म्हणजे त्याच्या इच्छेचा भार त्यांच्यावर पडेल. हा भार पडू नये म्हणून ज्या महोत्सवाला जाण्याची कुणाचीही इच्छा सिद्ध होते, तो यादीतून बाद. असे एकेक बाद होत जे उरेल, म्हणजे जे कुणालाच नको असेल, तिथे सगळ्यांनी मिळून जायचं. यापेक्षा निःपक्षपाती पद्धत निदान सावोत तरी कुणी काढलेली नाही. या पद्धतीने मंडळाने आजवर सैनिकी पिपाण्यांचे तीन मेळे, मुलांच्या बासरीवादनाची एक स्पर्धा आणि यंत्रांच्या आवाजातून निर्माण केलेलं एक आधुनिक संगीत ऐकलं आहे. समाधानाचं प्रमाण दरवर्षी सारखंच राहिलं आहे, कारण ते कुणी विचारलेलं नाही.

इच्छा सिद्ध होण्याला फारसं काही लागत नाही. गुणगुणणं, पाय हलवणं, 'बरं असावं' म्हणणं, एवढं पुरतं (सावोत 'बरं असावं' म्हणजे स्तुतीची परिसीमा). पेंट्टीने एका वर्षी उघड उघड सांगितलं होतं, 'मला जॅझला जायचंय.' त्यावर ओर्वोक्कीबाईंनी कप बशीत ठेवला, त्याचा आवाज झाला, तेवढंच. दुसऱ्या दिवशी पेंट्टी माफीचा केक घेऊन घरोघर फिरला. तेव्हापासून काही हवंसं वाटायला लागलं की तो मागच्या अंगणात जाऊन लाकडं फोडतो. त्याच्याकडे आता अख्ख्या गावाला पुरतील एवढी लाकडं आहेत.

यंदाची बैठक नेहमीप्रमाणे ओर्वोक्कीबाईंच्या तळ्यावरच्या घरी झाली. आधी बायकांचा सौना, म्हणजे वाफेची अंघोळ, मग पुरुषांचा, मग ओसरीवर मोहरी लावलेले सॉसेज आणि कॉफी. ऑपेरा लगेच बाद झाला, कारण ओर्वोक्कीबाईंनी त्याचं नाव घेताना नकळत पदर सारखा करावा तसा गळ्यातला रुमाल सारखा केला. जॅझ आला तसा पेंट्टी उठून लाकडं फोडायला गेला. जॅझही बाद. मग टँगो आला.

बसमध्ये बसून त्याने आठवडाभर डोकं चालवलं होतं. हवा म्हटलं की बाद, मग टिकवायचं तर नको म्हणायला हवं! त्याने घसा साफ केला.

"टँगो मला सहन होत नाही," तो म्हणाला.

हे त्याचं त्या ओसरीवरचं आजवरचं सगळ्यात लांब भाषण होतं. हिल्काने त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग कॉफीकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझंही डोकं दुखतं टँगोने."

तैस्तोला वाटलं, आपल्या तोंडाने आपण आपलंच वाटोळं केलं, आणि वर तिचं डोकंही दुखायचं निघालं. ओर्वोक्कीबाईंना मात्र गहिवरून आलं. मंडळाच्या इतिहासात दोन-दोन सभासदांना मनापासून नको असलेला महोत्सव प्रथमच सापडला होता. टँगो एकमताने मंजूर झाला.

सावोतला माणूस शब्दाला पक्का. सहन होत नाही म्हटलं की सहन करून दाखवता येत नाही. त्यामुळे महोत्सवात तिथलं अख्खं गाव रस्त्यावर नाचत असताना तैस्तो बाकाच्या एका टोकाला आणि हिल्का दुसऱ्या टोकाला, मधे पेंट्टी आणि ओर्वोक्कीबाई, अशी मंडळी मान खाली घालून सॉसेज खात बसली. तैस्तोचे पाय बाकाखाली नुसते वळवळत होते. ते त्याने पिशवीखाली दाबून धरले. शुक्रवार गेला, शनिवार गेला.

रविवारी दुपारी नाचाच्या फळीवर पाटी लागली: 'बायकांची निवड'. ही पाटी लागली की बाईने पुरुषाला विचारायचं आणि पुरुषाने नाही म्हणायचं नाही, आणि नाचायची ती लागोपाठ दोन गाणी. हिल्का उठली. पेंट्टीच्या आणि ओर्वोक्कीबाईंच्या गुडघ्यांना वळसा घालून तैस्तोसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्हाला टँगो सहन होत नाही म्हणे."

"अजिबात नाही."

"माझंही डोकं भयंकर दुखतंय. दोन गाणी सोसाल?"

"सोसेन," तैस्तो म्हणाला, आणि त्याने पायांवरची पिशवी बाजूला केली.

तो सरळ पुढे गेला, तिला घेऊन. फळी संपली तसा सरळ मागे आला. दुसऱ्या खेपेला हिल्काने त्याला हळूच कोपराशी धरून वळवलं, आणि तो वळला. दोन गाणी झाल्यावर बाईला जागेवर आणून सोडायचा रिवाज आहे. ती दोघं आली नाहीत. चौथ्या गाण्याला पेंट्टी फोडण्यासारखं लाकूड कुठे दिसतंय का ते बघायला गेला. ओर्वोक्कीबाई डोळे पुसत होत्या, पण हातातली पेन्सिल तयार होती. दोन सभासदांची इच्छा पुराव्यानिशी सिद्ध झाल्यामुळे टँगो त्यांनी त्याच दुपारी यादीतून कायमचा काढून टाकला.

पुढे हिल्का ओउलूला गेली की तिने बदली रद्द करून घेतली, हे सांगण्याआधी मंडळाचा नियम पाळायला हवा. या गोष्टीपुरते तुम्हीही सभासद आहात, तेव्हा तुम्हाला काय झालेलं आवडेल? 'काहीही चालेल' म्हणालात, ते छानच केलंत. पण मघापासून गालातल्या गालात हसताय, ते ओर्वोक्कीबाईंनी पाहिलंय. त्या दोघांचं जमावं अशी तुमची इच्छा सिद्ध झाली आहे. बाद.